शंभरातल्या चौदा बंदुका

भारतात सामान्य नागरिकांच्या हाती ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात, असा जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांतल्या नोंद असलेल्या बंदुका ९७ लाख. उरलेल्या ६ कोटी १४ लाख कुठल्याही कलेक्टर कचेरीच्या दप्तरात नाहीत. शंभर बंदुका धरल्या तर चौदा परवान्याच्या आणि शहाऐंशी बिनपरवान्याच्या.

लोकांकडच्या बंदुका सरकारने पैसे मोजून परत घ्याव्यात, ही कल्पना ऑस्ट्रेलियापासून ब्राझीलपर्यंत अनेक देशांनी राबवली आहे. उद्या जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडला तहसील कार्यालयासमोर मांडव घालून असा दिवस ठेवला, तर रांगेत कोण उभे राहील, याचे उत्तर वरच्या दोन आकड्यांत आहे. परवानाधारक येईल. बिनपरवान्याची बंदूक बाळगणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. माफीचे लेखी आश्वासन नसेल तर तो पोलिसांच्या टेबलापर्यंत येणारच नाही. म्हणून परत खरेदीबद्दल बंदूकवाल्यांचे मत काय, हा प्रश्न आपल्याकडे आधी त्या चौदांच्या मालकांना विचारावा लागतो. खानदेशातले हे मालक बहुतेक शेतकरी आहेत, आणि त्यांचे म्हणणे आजवर कोणी नीट ऐकून घेतलेले नाही, असे मला वाटते.

आधी परवान्यांची मोजदाद पाहू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात ३३ लाख ६९ हजार ४४४ शस्त्रपरवाने चालू होते. त्या काळी एका परवानाधारकाला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येत. प्रत्येकाने तिन्ही घेतल्या असे मानले तरी बेरीज १ कोटी १ लाखावर थांबते. म्हणजे ९७ लाख हा आकडा कमाल मर्यादेला टेकलेला आहे. बहुतेकांकडे एकच बंदूक असते, हे ध्यानात घेतले तर परवान्याच्या बंदुकांचा खरा वाटा शंभरात चौदापेक्षाही कमी निघेल.

राज्याराज्यांत फरक मोठा आहे. उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार ९१४ परवाने होते, पंजाबात ३ लाख ५९ हजार ३४९, मध्य प्रदेशात २ लाख ४७ हजार १३० आणि महाराष्ट्रात ८४ हजार ५०. २०११ च्या जनगणनेशी ताडून पाहिले तर एक लाख लोकांमागे पंजाबात सुमारे १,२९५, उत्तर प्रदेशात ६४०, मध्य प्रदेशात ३४० आणि महाराष्ट्रात अवघे ७५ परवाने पडतात. देशाची सरासरी २७८. सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात शिरले की परवान्यांचे प्रमाण साडेचार पट होते.

जळगाव जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४२ लाख २९ हजार ९१७. राज्याची सरासरी इथे लावली तर जिल्ह्यात ३,१६० च्या आसपास परवाने निघतात. हा सरासरीवरून काढलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण त्यावरून प्रश्नाचा आकार कळतो. संख्या फार मोठी नाही. ठरवले तर प्रत्येकाशी बोलता येईल इतकी आहे.

हे परवाने कशासाठी असतात, याचे उत्तर खुद्द कायद्यात आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा सांगितला आहे. ठासणीची बंदूक पुरी पडत नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची सोयही त्यात आहे. बोदवड, जामनेर, मुक्ताईनगर आणि पलीकडे मलकापूर, मोताळा हा सारा पट्टा कापूस, मका, तूर, हरभऱ्याचा. मका दुधात आला की रानडुकरे उतरतात. हरभऱ्याला घाटे धरू लागले की रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप. शेतकरी माळ्यावर बसून डबे वाजवतो, फटाके फोडतो, बॅटरी फिरवतो. ज्याच्याकडे बंदूक असते तो हवेत एक बार काढतो आणि कळप त्या रात्रीपुरता हटतो. जनावर मारायचे असेल तर वन विभागाची परवानगी लागते. महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये पिकाची नासाडी करणाऱ्या रोह्यांबाबत आणि रानडुकरांबाबत तशी परवानगी देण्याची पद्धत ठरवून दिली. पण रात्री दोन वाजता शेतात कळप शिरला असताना परवानगीचा कागद कोणाच्या हाती असतो? बंदुकीचा उपयोग मुख्यतः आवाजाचा आहे, आणि मालकाच्या लेखी तिची किंमत त्या आवाजाची आहे. दुकानातल्या भावाने तिचे मोल करायला गेले की पहिल्या वाक्यातच त्याचा आणि सरकारचा संवाद तुटतो.

बंदूक सरकारजमा करण्याचा अनुभव मात्र या माणसाला नवा नाही. वर्षानुवर्षे तो ती जमा करतो आहे, फक्त मोबदल्याविना.

पहिली जमा निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याच्या नोटिसा जातात. २०२४ चा हिशेब मांडून पाहा. लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि मतमोजणी ४ जूनला. हे ८१ दिवस. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला. हे ४० दिवस. एका वर्षात १२१ दिवस, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. त्यातले नंतरचे ४० दिवस कोणते होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. मक्याची सोंगणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी. शेतात बंदूक लागते असेच दिवस.

सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नयेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने यापूर्वी सांगितले आहे. त्यानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये सूचना काढल्या. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सामील असलेले यांची शस्त्रे घ्यावीत, अशी त्यांची दिशा आहे. ही व्यवस्था मला योग्य वाटते. छाननी खरोखर माणूसवार झाली तर पिकाच्या राखणीचा परवाना असलेल्या आणि कधी कोर्टाची पायरी न चढलेल्या शेतकऱ्याला ऐन सोंगणीत हात हलवत माळ्यावर बसावे लागणार नाही. जिथे छाननी यादीवर टिचकी मारून उरकली जाते, तिथे मात्र त्याच्या मनात एकच गोष्ट घर करते. सरकार बंदूक मागते तेव्हा ती त्याच्यावर संशय असल्यामुळे मागते.

दुसरी जमा २०१९ ची. त्या वर्षीच्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच होती. विरोध झाल्यावर दोन झाली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती डिसेंबर २०२० पर्यंत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची होती, त्यानंतर ९० दिवसांत ती परवान्यातून कमी होणार होती. या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद नाही. ज्याला ती विकायची असेल त्याने दुसरा परवानाधारक गाठायचा. मर्यादा सगळ्यांचीच कमी झालेली असताना गिऱ्हाईक कुठून येणार? जगात इतरत्र ज्याला परत खरेदी म्हणतात, त्यातला खरेदीचा भाग आपण वगळला आणि परतीचा तेवढा ठेवला.

तिसरी जमा वारसांची, आणि खेड्यातल्या घरांना तीच जास्त छळते. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय आहे. धारक वारला तर कायदेशीर वारसाला, आणि धारक हयात असताना त्याने वयाची ७० वर्षे पुरी केली किंवा २५ वर्षे बंदूक बाळगली तर त्याने नेमलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. वारसांत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण असे सगळे येतात. पण अर्ज, पोलीस पडताळणी, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण, ऑनलाइन नोंदीचा क्रमांक हे सारे करून पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आजोबांची बारा बोरची बंदूक कशासाठी घ्यावी? मग ती पोलीस ठाण्यात जाते आणि मालखान्यात पडून राहते. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत ती पात्र माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क जमा करणाऱ्याला आहे. मुदत टळली की जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती सरकारजमा होते. हा हक्क किती घरांना माहीत असतो? बाई विधवा झाल्यावर दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत बंदुकीचे काय करायचे, हे तिला सांगणारे कोणी नसते. बोदवडला एखादा दिवस ठेवून बंदुका घ्यायच्या असतील तर सर्वांत खुशीने येणारी माणसे ही असतील, असे मी खात्रीने म्हणेन.

जगाचा अनुभवही इकडेच बोट दाखवतो. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९७४ मध्ये बंदुकीमागे ५० डॉलर देऊन साडेतेरा हजारांच्या आसपास बंदुका गोळा केल्या. तिथल्या अशा कार्यक्रमांची सुरुवात तिथून मानतात. पुढे अनेक शहरांनी हे केले. येणाऱ्यांत वयस्क माणसे, वारशाने बंदूक मिळालेले आणि ती घरात नकोशी झालेले यांचा भरणा असतो, असे अभ्यासकांना वारंवार दिसले. १९९१ ते २०१५ या काळातल्या गुन्ह्यांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञांनी एक शोधनिबंध मांडला. या कार्यक्रमांमुळे बंदुकीचे गुन्हे कमी झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कारण उघड आहे. ज्याला बंदुकीची गरज वाटते तो ती देत नाही. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ७२ टक्के बंदूकधारकांनी स्वतःचे संरक्षण हे बंदूक बाळगण्याचे मोठे कारण सांगितले. तिथला माणूस माणसाला भितो, आपला शेतकरी डुकराला. पण बंदुकीने भागवलेली गरज दुसऱ्या कशाने तरी भागल्याशिवाय ती सुटत नाही, हे दोन्हीकडे सारखे.

ऑस्ट्रेलियाने मात्र खूप बंदुका परत घेतल्या. २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना ठार केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अर्धस्वयंचलित धाटणीच्या बंदुकांवर बंदी आणली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका बाजारभावाने विकत घेतल्या. भरपाईवर सुमारे ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर गेले, म्हणजे बंदुकीमागे साडेचारशेहून थोडे जास्त. त्यासाठी आरोग्य कराच्या दरात एका वर्षापुरती ०.२ टक्क्याची वाढ झाली. बंदूक नसलेल्यानेही वाटा उचलला. बंदूकधारकांचा राग एवढा होता की सेल या गावी त्यांच्या सभेसमोर हॉवर्ड अंगात बुलेटप्रूफ जाकीट घालून बोलले. तरीही बंदुका आल्या, कारण बंदी सक्तीची होती आणि पैसे रोख होते.

न्यूझीलंडचा दाखला आपल्याला जास्त उपयोगाचा आहे, कारण तिथे बंदूकधारकांचे मत नोंदले गेले. क्राइस्टचर्चच्या मशिदींत १५ मार्च २०१९ रोजी ५१ माणसे मारली गेली. त्याच वर्षी जुलै ते डिसेंबर गावोगाव मंडप लावून ५६ हजारांहून जास्त बंदुका घेतल्या गेल्या आणि सुमारे १० कोटी २० लाख न्यूझीलंड डॉलर दिले गेले. बंदूक कोरी करकरीत असेल तर मूळ किमतीच्या ९५ टक्के, मोडकळीला आलेली असेल तर २५ टक्के. परवानाधारकांच्या संघटनेचे म्हणणे असे की बंदीत येणाऱ्या बंदुका १ लाख ७० हजारांपर्यंत असाव्यात, म्हणजे दोन तृतीयांश आल्याच नाहीत. भाव कमी आहे, आणि एका खुन्याच्या पापाची शिक्षा कायदा पाळणाऱ्याला का, ही त्यांची तक्रार. बंदी आलेली मूळ संख्या कोणालाच नक्की ठाऊक नव्हती, कारण तेव्हा तिथे माणसाची नोंद होती, प्रत्येक बंदुकीची नव्हती.

आणि ब्राझील. २००४-०५ मध्ये तिथल्या लोकांनी साडेचार लाखांहून जास्त बंदुका आपखुशीने देऊन १०० ते ३०० रियाल घेतले. त्याच देशाच्या मतदारांनी २३ ऑक्टोबर २००५ च्या सार्वमतात बंदुकांच्या विक्रीवर बंदी घालायला जवळजवळ ६४ टक्के मतांनी नकार दिला. नकोशी झालेली बंदूक माणूस पैसे घेऊन आनंदाने देतो; हवीशी असलेली काढून घेण्याचा हक्क मात्र सरकारला देत नाही. बंदुकीबद्दलच्या लोकमताची इतकी स्वच्छ नोंद दुसऱ्या कुठल्या देशात सापडणे अवघड आहे.

आता त्या बिनपरवान्याच्या शहाऐंशींकडे वळू. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घडवणाऱ्या शिकलीगर समाजातल्या काहींच्या भट्ट्यांवर तिथे गावठी पिस्तुले बनतात आणि खानदेशमार्गे पुण्या-मुंबईपर्यंत जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला जमाव पळवून घेऊन गेला. काही तासांनी त्याची सुटका झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांच्या शंभराहून मोठ्या पथकाने तिथे छापा घातला, ३६ जणांना ताब्यात घेतले आणि ५० च्या आसपास भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. जिथे नवा कट्टा तयार होतो आहे तिथे जुना कट्टा विकत घेण्याची योजना चालत नाही. सरकारने दिलेला भाव कारागिराच्या खर्चापेक्षा जास्त झाला की भट्टीला सरकारच गिऱ्हाईक होते. म्हणून कट्ट्याचा प्रश्न पोलिसांचा आणि भट्टीवरच्या माणसाला दुसरा धंदा देण्याचा आहे. परत खरेदीच्या मांडवात तो आणूच नये.

बिनपरवान्याची बंदूक आपणहून आल्याची उदाहरणे देशात आहेत, पण त्यांत माफी किंवा पुनर्वसन आधी आहे. मणिपूरच्या राज्यपालांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदत देऊन कारवाई न करण्याची हमी दिली, तेव्हा दोन आठवड्यांत हजारभर शस्त्रे परत आली. हिंसाचारात लुटली गेलेली शस्त्रे सहा हजारांच्या घरात होती. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी ५४ शस्त्रांसह शरणागती पत्करली. त्याच जिल्ह्यात पोलिसांच्या आवाहनावरून गावकऱ्यांनी शिकारीच्या भरमार बंदुका आणून दिल्याच्या घटनाही घडल्या आहेत. खानदेशाला तर ही रीत दोनशे वर्षांची आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा सातपुड्यातल्या बंडखोरांना हत्याराचा भाव सांगितला नव्हता. पगाराची नोकरी देऊ केली होती. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होता, ते आदिवासींच्या भल्यासाठी आलेले नव्हते. पण वर्षानुवर्षांच्या लढायांनी जे जमले नव्हते ते त्या नोकरीने बऱ्याच अंशी जमवले.

मग बोदवडच्या परवानाधारकाला काय देऊ करावे? रोख पैशाचा हिशेब करून पाहू. जिल्ह्यातले अंदाजे ३,१६० परवाने. त्यांतला दहावा हिस्सा, ३१६ जण, बंदूक द्यायला तयार झाले असे धरू. प्रत्येकी २० हजार रुपये दिले तर ६३ लाख २० हजार लागतील. साऱ्या महाराष्ट्रासाठी याच प्रमाणात १६ कोटी ८१ लाख. राज्याच्या तिजोरीला ही रक्कम जड नाही. पण तेवढ्याने वारसांच्या आणि विधवांच्या बंदुका येतील. माळ्यावर बसणारा येणार नाही, कारण २० हजारांत त्याचे एका हंगामाचेही पीक राखले जात नाही.

त्याच्यासाठी कुंपण हवे. वन विभागाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी जी कमी ती रक्कम अनुदान म्हणून मिळते. सौर कुंपणाचा झटका जनावराला मारत नाही, हटवतो. बंदुकीचा बारही तेच करतो. बंदूक देणाऱ्या शेतकऱ्याला या अनुदानाच्या यादीत पहिला क्रमांक आणि उरलेल्या खर्चाची भर मिळाली, तर त्याच्या मताला पटेल असा सौदा होऊ शकतो. नुकसानीचा पंचनामा वेळेत होणे हा त्याच सौद्याचा भाग. ज्याला यानंतरही बंदूक ठेवावीशी वाटेल त्याने ती ठेवावी. परवाना त्याच्याकडे आहे आणि कायद्याने तो दिलेला आहे.

अडचण कचेऱ्यांची आहे. बंदूक गृह खात्याकडे, कुंपण वन खात्याकडे, पंचनाम्यावर सह्या वन, कृषी आणि महसूल तिघांच्या. हे सगळे कागद एकाच टेबलावर येतात ते जिल्हाधिकाऱ्याच्या. शस्त्रपरवाना त्याच्या सहीने निघतो, निवडणुकीच्या छाननी समितीत तो बसतो, कलम २१ खाली बंदूक सरकारजमा करण्याचा आदेश तोच देतो आणि जिल्हा नियोजन समितीचा सचिवही तोच असतो. जमा झालेल्या बंदुकांचे मालखान्यातले रजिस्टर आणि सौर कुंपणाच्या अर्जदारांची यादी शेजारी ठेवून बोदवड तालुक्यातली किती नावे दोन्हीकडे सापडतात, हे त्याच टेबलावर एका दिवसात पाहता येईल. योजनेचा पहिला खरा आकडा तिथूनच निघेल.